मैदानावर ‘सोड’ म्हणायचं नाही

गेल्या रविवारी सकाळी तापीपलीकडे, जैनाबादच्या शिवारात, माझी नात रेवा छोट्या मोटारसायकलवरून नाल्याचा उतार एकटीने उतरली. मी तिथे हजर होतो. पण आजोबांची साक्ष बातमीत धरत नाहीत. म्हणून दुजोरा कुमुद महाजन मॅडमकडून घेतला. ओढणीने कपाळ पुसत त्या म्हणाल्या, “उतरली, हे खरं. पलीकडे चढली नाही, हेही लिहा.”

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लेख द्यावा असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा मी सुरुवात वेगळी ठरवली होती. पण मॅडमच्या त्या वाक्याने ती बदलली. जे झालं ते सांगायचं आणि जे राहिलं तेही त्याच आवाजात सांगायचं, ही त्यांची रीत आहे. राहिलेला चढ येत्या रविवारी आहे. रेवा अकरा वर्षांची आहे. तिचे वडील, म्हणजे माझा मुलगा संदीप, यांनी स्पष्ट सांगितलं आहे: चढ सुखरूप झाला तर शिकणं चालू, नाहीतर हे प्रकरण कायमचं बंद. हा लेख शनिवारी छपाईला जाणार, त्यामुळे वाचकांना निकाल यात मिळणार नाही. तो दिवस इथवर कसा आला आणि मॅडमनी तो कसा आणला, एवढं मी सांगू शकतो.

आमची पहिली ओळख भांडणातून झाली. मी त्या वेळी शहरातल्या एका दैनिकात डेस्कवर होतो. वडिलांच्या मोटारसायकलच्या टाकीवर बसून हँडल धरलेल्या एका चिमुरड्याचा फोटो आम्ही छापला होता, खाली ‘छोटा सवार’ अशा कौतुकाच्या ओळी. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई कार्यालयात आल्या. गळ्यात शिट्टी तशीच होती. मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, कबड्डीचा तास संपवून थेट आल्या होत्या. पेपर माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, “यात कौतुक कशाचं आहे, तेवढं दाखवा.”

मी म्हणालो, “लोकांना आवडतं, मॅडम.”

“लोकांना आवडतं म्हणूनच विचारते. याचे पाय कुठे टेकतात? डोक्यावर काय आहे? ब्रेकपर्यंत बोट पोचतं का? तुम्ही शंभर बापांना सांगितलंत, उद्या बसवा पोराला टाकीवर.” आवाज चढला नव्हता. चहा मात्र त्यांनी घेतला नाही. जाताना म्हणाल्या, “एकदा मैदानावर या. बघा आणि मग लिहा.”

मी गेलो. जैनाबादच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याने त्यांना मुरमाड पडीक तुकडा वापरायला दिला होता. जुन्या स्कूटरचे टायर अर्धे पुरून त्यांनी वळणं आखली होती. दोन लहान गाड्या होत्या, खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या, मुलं ज्यांना डर्ट बाईक म्हणतात: एक बिनक्लचची, अगदी लहानांसाठी, दुसरी क्लचची, जरा मोठ्यांसाठी. दोन्हींच्या रेसला आत स्क्रू लावून मर्यादा घातलेली. मॅडमचं माहेर खकनारचं. मुलीच्या जातीने मोटारसायकलला हात लावणं चमत्कारिक समजलं जायचं, त्या काळात त्या वडिलांची गाडी घेऊन कापसाच्या शेतात जायच्या. पण ही हौस पुढे नेण्यासाठी त्यांनी वर्ग काढला, असा कुणाचा समज असेल तर तो चूक आहे. खरं कारण त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “केळीच्या पट्ट्यात पोरं बापाची गाडी चालवतातच. शेताची वाट, पोलीस नाही, बाप दुपारी झोपलेला. नको म्हटलं की चोरून चालवतात. मी नको सांगत नाही. हळू सांगते.” आणि हळू म्हणजे कुंपणाच्या आत. मैदानाबाहेर, रस्त्यावर, परवाना मिळायच्या वयाआधी चाक नाही, असा शब्द त्या मुलाकडून घेतात आणि त्याच्यासमोर त्याच्या बापाकडूनही.

आपल्यापैकी ज्यांची मुलं त्यांच्याकडे शिकली, त्यांना पहिला दिवस आठवत असेल. गाडी सुरू होतच नाही. मुलाने ती ढकलायची, वळवायची, आडवी पाडायची आणि स्वतः उचलायची. उचलता आली नाही तर घरी जाऊन आणखी भाकरी खायची. शाहपूरचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. मॅडमनी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, “शिकायचं तुला आहे की पप्पांना?”

मुलगा खरं बोलला. “पप्पाले.”

“मग पप्पांना बसवू या,” म्हणत मॅडमनी त्या भरदार गृहस्थांना खरोखरच छोट्या गाडीवर बसवलं. गुडघे कानाला लागले. सगळं मैदान हसलं, ते गृहस्थही हसले. मुलगा घरी गेला आणि पुढच्या वर्षी स्वतःहून आला.

दुसरी तपासणी डोक्याची. हेल्मेट घालून मुलाने जोरात ‘नाही, नाही’ अशी मान हलवायची. मान थांबल्यावरही हेल्मेट डुलत राहिलं तर ते परत. आपल्याकडे कपडे, बूट, सगळं वाढत्या मापाचं घेतात. त्यामुळे पहिल्या दिवशी निम्म्या मुलांची हेल्मेटं डुलतात. संदीपनेही रेवासाठी तसंच आणलं होतं. वर म्हणाला, “मॅडम, वाढतं अंग आहे, दोन वर्षं चालन.”

“गणवेश वाढत्या मापाचा घ्या,” मॅडम म्हणाल्या. “डोकं दोन वर्षांनी आपटायचं असेल तर हे हेल्मेटही चालेल.”

संदीप शाहपूरला केळीची शेती पाहतो, स्वभावाने तापट आहे, पण त्या दिवशी तो मुकाट्याने नदी ओलांडून दुकानात गेला.

आणि तिसरा नियम, ज्यासाठी मॅडम ओळखल्या जातात: त्यांच्या मैदानावर ‘सोड’ म्हणायचं नाही. ‘छोड़’ही नाही. नवख्या माणसाला हा विक्षिप्तपणा वाटतो. पण आपल्या भागात घाबरलेला माणूस पहिला शब्द हाच ओरडतो. बैल उधळला, सोड. करंट लागला, सोड. पोरगं झाडाच्या फांदीला लोंबकळलं, सोड, मी झेलतो. मोटारसायकलवर मात्र मुलाच्या दोन्ही हातांत काहीतरी धरलेलं असतं. उजव्या हातातली रेस सोडली तर गाडी मंदावते. डाव्या हातातला क्लच सोडला तर गाडी उडी मारते. ओरडणाऱ्याच्या मनात उजवा हात असतो. ऐकणारं मूल डावा उघडतं. म्हणून मॅडमनी दोनच शब्द ठेवले आहेत. क्लच दाबायला ‘मूठ’, आणि तो सावकाश मोकळा करायला ‘उघड’. धोका दिसला की एकच आरोळी: मूठ! डावी मूठ आवळली की इंजिनाचा चाकाशी संबंध तुटतो, मग रेस कितीही असो.

‘सोड’ हा शब्द त्यांच्या जिभेवरून इतका गेला आहे की फोन ठेवतानाही त्या ‘चला, सोडते’ म्हणत नाहीत. रिक्षावाल्याला सांगतात, “शनवाऱ्याच्या चौकापर्यंत पोचव.” त्यांच्या सुनेने एकदा थट्टा केली, “आई, उपास कधी सोडणार?” मॅडम म्हणाल्या, “जेवेन तेव्हा.”

गेल्या हिवाळ्यात ही थट्टा संपली.

रेवा सपाटीवर क्लचची गाडी शिकत होती. गाडीच्या इंजिनाच्या बटणाला लांब दोरी असते. ती ओढली की इंजिन बंद. दोरीचं दुसरं टोक मनगटाला बांधून मॅडम मुलाच्या मागे धावतात, या वयातही. त्या सकाळी रेवा चांगली चालवत होती. मैदानाच्या टोकाला नाल्याची दरड आहे. तिच्या बऱ्याच अलीकडे वळायचं असतं. वळणावर झुडपातून एक तितर फडफडत तिच्या तोंडासमोरून उडाला. रेवा दचकली, आणि बैलगाडीवर वाढलेलं मूल जे करतं तेच तिने केलं. कासरा ओढावा तसं हँडल अंगाकडे ओढलं. बैल ओढल्याने थांबतो. मोटारसायकलची रेस उजव्या मुठीतच असते. अंग मागे गेलं, मनगट वळलं आणि रेस पूर्ण उघडली.

“मूठ!” मॅडम ओरडल्या.

रेवाने मूठ आवळली. इंजिन किंचाळत होतं, पण गाडी मंदावू लागली होती. मी ते पाहिलं आहे. आणखी दोन श्वास मिळाले असते तर ती उभी राहिली असती.

तेवढ्यात कुंपणापासून संदीपचा आवाज आला. “सोड! रेवा, सोड! छोड़ दे बेटा, सोड!”

बापाचा आवाज मूल आधी ऐकतं. तिने डावा हात उघडला. पुढचं चाक उचललं गेलं आणि गाडी दरडीकडे सुटली. मॅडम धावत होत्या. दोरी ताणली गेली, इंजिन बंद पडलं, पण वेग होता. रेवा आणि गाडी वेगवेगळ्या दिशांना पडल्या. गाडीचं चाक दरडीच्या कडेवर फिरत राहिलं. रेवा कडेच्या अलीकडे होती. मग हेल्मेटच्या आतून आवाज आला, “मॅडम, मी मूठ केली होती.”

“केली होतीस,” मॅडम तिच्याजवळ गुडघ्यावर बसल्या. “मी पाहिलं. हलू नको. बोटं हलवून दाखव. आता पाय.”

डावं मनगट मोडलं होतं. डोकं, मान, पाठ शाबूत. अस्थिरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेर बाकावर संदीप बसला होता. त्याचा चेहरा मला पाहवत नव्हता. तो पुटपुटला, “तोंडातून निघून गेलं, मॅडम. मले रेसच म्हणायचं होतं.”

मला वाटलं, मॅडम काही बोलणार नाहीत. त्यांनी बोलू नये असंही वाटलं. त्या त्याच्याशेजारी बसल्या. “माझ्याही तोंडातून निघून गेलं होतं,” त्या म्हणाल्या, आणि जे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं ते त्यांनी सांगितलं. खकनारला त्यांनी आपल्या भाच्याला हौसेने गाडी शिकवायला घेतली होती. समोर काटेरी तार आली. मॅडम ओरडल्या, सोड. त्याने क्लच सोडला. मांडीचं हाड मोडलं. आज तो इंदूरला बँकेत आहे, चालताना एक पाय किंचित ओढतो. लग्नकार्यात तो हा किस्सा हसत सांगतो. “मी त्या वेळी पाणी आणायला आत जाते,” मॅडम म्हणाल्या. “तुमचा शब्द आज चुकला. तुम्हाला आवाज पोचेल एवढ्या जवळ मी उभं केलं, ती चूक माझी. कुंपण मागे जाईल.”

हे छापू का, असं मी त्यांना या लेखासाठी विचारलं. त्या म्हणाल्या, “गौरवग्रंथ आहे म्हणून गोड गोड लिहू नका. एखादा बाप वाचेल.”

कुंपण मागे गेलं. पण संदीपने मन घट्ट केलं होतं. रेवाचं मैदान बंद. मॅडमनी त्याला एकदाही गळ घातली नाही. प्लास्टर असेपर्यंत त्या दर आठवड्याला शाहपूरला येत, रेवाबरोबर पत्ते खेळत, डाव्या हाताला रबरी चेंडू दाबायला लावत. गाडीचं नाव काढत नसत. एकदा स्वयंपाकघरात माझ्या सुनेने धीर करून विचारलं, “मॅडम, हिच्या मनातून जाईल ना हे?” मॅडम म्हणाल्या, “मनातून गेलं तर बरंच. नाही गेलं तर चोरून जाईल. लक्ष ठेवा.”

उन्हाळ्यात एका दुपारी, मी शाहपूरला असताना, शेजारच्या मळ्यातला माणूस धापा टाकत आला. रेवा संदीपची मोठी मोटारसायकल घेऊन केळीच्या बागेतल्या वाटेने गेली होती. ज्या गाडीवर तिचे पाय धड जमिनीला लागत नाहीत, त्या गाडीवर. आम्ही धावलो. बागेत दोन्हीकडे पानं, पुढचं काही दिसत नाही; फक्त इंजिनाचा आवाज, कधी जवळ, कधी लांब. मग तो एकदम बंद झाला. ती शांतता संदीप आयुष्यभर विसरणार नाही. रेवा सापडली तोडलेल्या केळीच्या खांबांच्या ढिगापाशी, उभी, धुळीने माखलेली. गाडी ढिगात घुसली होती.

त्याच संध्याकाळी संदीप तिला घेऊन मॅडमच्या घरी गेला. मीही गेलो.

“हिले तुम्हीच सांगा आता, नको म्हणून. आमचं ऐकत नाही.”

मॅडमनी रेवाकडे पाहिलं. “पडलीस?”

“नाही मॅडम. एकदम मस्त चालत होती.”

“थांबवलीस कशी?”

रेवा हळूच म्हणाली, “ढिगात घातली.”

“म्हणजे थांबवता येत नव्हती.”

“पाय पुरत नव्हते ना.”

“ढिगाच्या जागी विहीर असती तर?” मॅडमच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त जड गेलं. रेवा रडायला लागली. मॅडमनी तिला रडू दिलं. मग संदीपकडे वळल्या. “मी नको म्हणणार नाही. मी म्हटलं तरी ही थांबणार नाही, हे तुम्ही आज बघितलं. गाडीची किल्ली कुलपात ठेवा, ते तुमचं काम. थांबायला शिकवणं माझं. पाठवायचं का, ते तुम्ही ठरवा.”

संदीपने पाठवलं, पण अट घातली, जी मी वर सांगितली. आमच्या शेताच्या वाटेवरही नाला आहेच. मैदानालगतचा नाला उतरून चढता येत असेल तरच हिला गाडी येते असं तो मानेल. मॅडमनी ऐकून घेतलं. “अट तुमची. दिवस मात्र मी ठरवणार. तयार नसेल तर मी चढवणार नाही, तुम्ही काहीही म्हणा.”

त्यानंतरचे महिने त्यांनी रेवाला फक्त थांबायला शिकवलं. सपाटीवर थांबणं, वळणावर थांबणं, उतारावर मागच्या ब्रेकने गाडी धरून ठेवणं. मग चढावर हरायला शिकवलं. अर्ध्यात इंजिन बंद पडलं तर मूठ आवळायची नाही, कारण आवळली की गाडी मागे घसरते. पुढचा ब्रेक धरायचा, गाडी हळूच आडवी घालायची आणि आपण वरच्या बाजूला उतरायचं. हे रेवाने इतक्या वेळा केलं की ती वैतागून म्हणाली, “मॅडम, मला चढायचंय. तुम्ही मला पडायलाच लावता.”

“पडता आलं की चढता येतं. आडवी घाल पुन्हा.”

नाल्याच्या चढावर दोरीचा उपयोग नाही. इंजिन बंद करणं हीच तिथे आपत्ती. ‘मूठ’ ही आरोळीही तिथे चालत नाही. म्हणजे मॅडमनी आयुष्यभर जपलेली दोन्ही साधनं त्या चढाच्या पायथ्याशी संपतात. गेल्या रविवारी मॅडम त्या पायथ्याशीच उभ्या होत्या. रेवा उतार छान उतरली, तळाच्या वाळूतून पुढे आली, आणि तिने मान वळवून मॅडमकडे पाहिलं. गाडी लगेच मॅडमच्या दिशेने वळली. मुलाची नजर जिथे जाते तिथे चाक जातं. मॅडम बाजूला झाल्या, रेवाने गाडी नीट थांबवली. कुणाला खरचटलंही नाही. पण चढ राहिला.

परत येताना पुलावर मॅडम म्हणाल्या, “माझीच जागा चुकली. मी खाली नको. तिने वर बघायला हवं. वर कोण उभं असेल तर ती दुसरीकडे बघणार नाही?”

उत्तर मला माहीत होतं, त्यांनाही.

बुधवारी त्यांनी संदीपला फोन केला. रविवारी चढाच्या माथ्यावर, वाटेपासून थोडं बाजूला, त्याने उभं राहावं, असं सांगितलं. सोबत त्यांची स्वतःची अट होती: त्याची अट त्याने आधी मागे घ्यायची. “ती डोक्यात घेऊन पोरगी निघाली तर चढाकडे बघणार नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघेल, निकाल काय लागला म्हणून. तुम्ही परीक्षक म्हणून येणार असाल तर येऊ नका. बाप म्हणून या. आणि वर उभं राहून एक शब्द काढायचा नाही. काहीही झालं तरी.”

संदीप म्हणाला, “विचार करून सांगतो.”

कुमुद महाजन मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. माझ्यासारख्या माणसाला मोठे शब्द जमत नाहीत, म्हणून मागणं नेमकं मागतो: त्यांना भरपूर आयुष्य मिळो, आणि त्या आयुष्यात त्यांचे गुडघे धावते राहोत, कारण दोरी बांधून मागे धावणारं दुसरं माणूस आपल्या शहराला अजून मिळालेलं नाही. त्यांचा आवाज असाच न चढता पोचत राहो. आपल्या मुलांना थांबता यावं म्हणून त्यांनी जेवढी वर्षं दिली, तेवढीच वर्षं त्यांना आरोग्यासह परत मिळोत.

हे लिहीत असताना, शुक्रवारी दुपारी, शाहपूरहून संदीपचा फोन आला. रेवाला आज सांगितलं, असं तो म्हणाला: चढली काय, नाही चढली काय, मॅडमकडे जाणं चालू राहील. मग त्याने विचारलं, “आबा, वर नेमकं कुठं उभं राहायचं, ते मॅडमनी दाखवलं का तुम्हाले?”

मॅडमनी मला दाखवलेली जागा मी सांगितली. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत तो तिथे उभा असेल, मॅडम नजरेआड, झुडपामागे. रेवा वाळूतून पुढे येईल आणि वर बघेल.